दोरीपलीकडचा बर्फ

पावसाळा सुरू झाला की खानापूर तालुक्यातील जंगलात असलेल्या धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा वनखाते बंद करते, आणि कॅसलरॉककडून रुळांवरून चालत दूधसागर गाठण्यास रेल्वेची मनाई आहे. तरीही रविवारी अशा ठिकाणी आपल्या भागातील माणसे दिसतातच. यामागे केवळ बेफिकिरी आहे असे मला वाटत नाही. सबंध हंगामासाठी सरसकट घातलेली बंदी पाऊस ओसरलेल्या कोरड्या आठवड्यातही तशीच राहते, त्यामुळे फलक नवे काहीच सांगत नाही आणि तो न वाचण्याची सवय डोळ्यांना लागते. हीच सवय सोबत घेऊन बेळगाव, निपाणी, चिकोडीकडील काही मंडळी आता जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला, औलीला किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाऊ लागली आहेत. तेथे स्कीच्या उतारावर आडवी बांधलेली दोरी दिसते. कधी तिच्यावर ‘बंद’ अशी पाटी असते, तर कधी बर्फात रोवलेल्या दोन काठ्यांची नुसती फुली असते. ही दोरी हंगामाची नसते, त्या दिवसाची असते, पुष्कळदा त्या तासाची असते. काल मोकळा असलेला उतार आज बंद होतो आणि सकाळी बंद असलेला दुपारी उघडतो. ती बांधणाऱ्याला काय ठाऊक असते आणि आपल्याला डोळ्यांनी काय दिसत नाही, हे येथे जरा सविस्तर समजावून सांगायचे आहे.

मोठ्या स्की केंद्रांत उतार जवळजवळ शेतासारखा राखला जातो. रात्री रुंद साखळीपट्ट्यांवर चालणारी यंत्रे बर्फ दाबून सारखा करतात, पहाटे गस्तीपथकातील माणसे सर्वांच्या आधी खाली उतरून उघडे पडलेले दगड, बुंधे आणि काचेसारखे गोठलेले पट्टे पाहून घेतात, आणि मगच तो मार्ग लोकांसाठी खुला होतो. मार्ग किती अवघड आहे हे रंगांनी दाखवतात. युरोपात हिरवा आणि निळा सोपा, तांबडा मधला आणि काळा अवघड. अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळ्या शंकरपाळ्यासारखी खूण. नवख्यांचाच नव्हे, तर चांगले स्की करणाऱ्यांचाही गोंधळ येथेच होतो. रंग हा उतरणाऱ्याच्या कौशल्याविषयी बोलतो, तर दोरी बर्फाच्या अवस्थेविषयी बोलते. काळा उतार सहज उतरणारा माणूस दोरीखालून वाकून जातो, तेव्हा त्याने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते.

बंद ठेवण्याची काही कारणे अगदी साधी असतात. बर्फ पातळ असेल तर वरून पांढरीशुभ्र दिसणारी चादर आतल्या दगडापासून चार बोटांवर असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस दगडावर किंवा झाडावर आदळला, तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. वेग ६० झाला तर तीच उंची चौदा मीटरांपर्यंत जाते, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. हेल्मेटने डोक्याच्या जखमा कमी होतात आणि ते घालावेच, पण चौदा मीटरांवरून पडणे सोसण्यासाठी ते बनवलेले नसते.

दुसरे एक कारण ऐकले नसेल तर सुचणारही नाही. आल्प्समध्ये आणि अमेरिकेत तीव्र उतारावर बर्फ सारखा करणारे यंत्र घसरू नये म्हणून ते वर एका भक्कम खुंटीला पोलादी दोराने बांधलेले असते. हा दोर शेकडो मीटर लांब असतो, यंत्र वळले की तो बर्फात रुतलेल्या अवस्थेतून एकाएकी ताणला जाऊन हवेत उसळतो, आणि संधिप्रकाशात तो दिसतच नाही. यंत्र कुठेतरी वळणापलीकडे असते, त्यामुळे उतार मोकळा आणि शांत वाटतो. संध्याकाळी बंद झालेल्या उतारावरून ‘शेवटची एक फेरी’ मारायला गेलेली माणसे अशा दोरावर जाऊन मेलेली आहेत.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट येते. दिवस संपताना गस्तीपथक प्रत्येक खुल्या मार्गावरून शेवटची फेरी मारते आणि कोणी मागे राहिले आहे का, हे पाहते. बंद मार्गावर ही फेरी होत नाही, कारण तेथे कोणी असणे अपेक्षितच नसते. गुडघा मुरगळला तर एरवी पंधरा मिनिटांत स्ट्रेचर घेऊन माणसे येतात. दोरीपलीकडे तोच मुरगळलेला गुडघा घेऊन माणसाला शून्याखालच्या थंडीत रात्र काढावी लागू शकते. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवतीही एक सापळा असतो. फांद्यांमुळे तेथे बर्फ नीट दबत नाही, बुंध्याभोवती भुसभुशीत विहिरीसारखी पोकळी तयार होते, आणि त्यात डोके खाली होऊन पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येणे जवळजवळ अशक्य असते.

पण हिमालयात दोरी बांधण्याचे सर्वात मोठे कारण हिमस्खलन हेच आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवे.

हिमस्खलन म्हणजे वरून गडगडत येणारा बर्फाचा गोळा, असे चित्र आपल्या मनात असते. चोर्ल्याच्या घाटात पावसाने माती फुगून दरड खाली येते तसेच काहीसे होत असावे, असेही वाटते. माणसे मारणारे हिमस्खलन बहुधा तसे नसते. त्यात बर्फाचा एक सलग थर, एखाद्या मोठ्या फरशीसारखा, एका रेषेत तडकतो आणि आख्खा खाली घसरतो. हे का होते ते साखरेवरून कळते. आपल्याकडे कारखान्याच्या गोदामात सांडलेल्या साखरेवर पाय पडला की तो कसा सटकतो, हे सांगायला नको. आता अशा साखरेचा दोन बोटे जाडीचा थर तिरक्या पृष्ठभागावर पसरला आहे आणि त्यावर शहाबादी फरशी ठेवली आहे, अशी कल्पना करावी. फरशी काही काळ जागेवर राहते. तिच्यावर कोणी पाय ठेवला की खालचे दाणे एकमेकांवरून घरंगळतात आणि फरशी सुटते.

बर्फात ही साखर खरोखरच तयार होते. हंगामाच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडून नंतर आकाश अनेक दिवस निरभ्र राहिले, तर जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि पृष्ठभाग मात्र रात्री उणे दहा-पंधरापर्यंत गार होतो. या फरकामुळे खालच्या बर्फातील वाफ वर सरकत राहते, आणि मूळचे एकमेकांत गुंतणारे कण बदलून कोनदार, सुटे, एकमेकांना न चिकटणारे दाणे बनतात. मुठीत घेतले तर ते बोटांमधून साखरेसारखेच गळतात. मग जानेवारीत मोठी हिमवृष्टी होते, वारा तो बर्फ दाबून घट्ट करतो, आणि साखरेवर फरशी बसते. वरून पाहणाऱ्याला फक्त फरशीचा गुळगुळीत, मोहक पृष्ठभाग दिसतो. खाली काय आहे ते खड्डा खणून, थर मोजून आणि गेल्या दोन महिन्यांचे हवामान लक्षात ठेवूनच कळते, आणि गस्तीपथक तेच करत असते.

उताराचा कोन येथे निर्णायक ठरतो. असे थर मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा घसरत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. ३० अंश म्हणजे किती, हे पाहायचे असेल तर आपल्या घरातला जिना पाहावा. सहा इंचांची उंची आणि दहा इंचांची पायरी असलेल्या जिन्याचा चढ साधारण तेवढाच असतो. जो उतार पाहून भीती वाटत नाही, उलट स्की करायला उत्तम वाटतो, नेमका तोच हिमस्खलनालाही उत्तम असतो. शिवाय धोका उतारावरच असतो असे नाही. वरच्या बाजूला असा उतार असेल तर पायथ्याच्या सपाट कुरणात उभे असलेले लोकही त्याच्या वाटेत असतात.

येथे वाऱ्याचा उल्लेख करायलाच हवा. बर्फ पडणे थांबले म्हणजे थर वाढणे थांबले, असे नसते. कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून वारा तो दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, आणि आडोशाच्या बाजूला काही तासांत इतका साठा होतो की जो नुसत्या हिमवृष्टीने व्हायला कितीतरी अधिक वेळ लागला असता. त्यामुळे वादळानंतरची पहिली निळ्या आभाळाची सकाळ, जिची सर्व पर्यटक वाट पाहत असतात, ती सर्वात घातक सकाळ असू शकते. नेमक्या त्याच सकाळी दोरी बांधलेली असते आणि लोक चिडतात.

गुलमर्गचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडची मंडळी बहुधा तेथेच जातात. गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून डब्यांत बसवून वर नेणाऱ्या रोपवेचा, पहिला टप्पा सुमारे २६५० मीटरवरील गुलमर्गहून कोंगडोरी या मधल्या स्थानकापर्यंत जातो, आणि दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. वरून खाली पाहिले तर गोंडोलाच्या लगतचा खोलगट भाग गस्तीपथकाच्या देखरेखीखाली असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले विस्तीर्ण उतार निव्वळ डोंगर आहेत. तेथे कोणी बर्फ दाबत नाही की स्फोट करून थर आधीच पाडून टाकत नाही. दोन्हीकडचा बर्फ दिसायला सारखाच असतो, मधली रेषा मात्र माणसाने आखलेली असते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या हापतखुड भागात झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीपटू दगावला. ही माणसे नवखी नव्हती. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच खिलनमर्गमध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर बर्फ कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले होते. बर्फात राहण्याचेच शिक्षण देणारी ही संस्था आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

‘आमच्या आधी दहा जण गेले, त्यांच्या स्कीच्या खुणा दिसत होत्या’ हे समर्थन नेहमी ऐकू येते. फरशीखालची साखर सगळीकडे सारख्या खोलीवर नसते. जेथे वरचा थर जाड आहे तेथे माणसाचे वजन खालपर्यंत पोहोचतच नाही. जेथे तो पातळ आहे, उदाहरणार्थ एखाद्या दगडाजवळ किंवा कडेला, तेथे पोहोचते. पहिले दहा जण जाड भागावरून गेले आणि अकरावा तीन हात बाजूने गेला, तर तडा त्याच्या पायाखालून निघून संपूर्ण उतारभर पळतो आणि बाकीच्या दहा जणांनाही गाठतो. डोंगरात हौसेने गेलेल्यांचे बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे नव्वद टक्के वेळा थर सुटतो तो त्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. निसर्गाचा कोप म्हणून आपण जे म्हणतो, त्यात बहुतेक वेळा कोणाचे तरी पाऊल असते. म्हणून बर्फात सेवा बजावलेले जवान संशयित उतार ओलांडताना एकेकटे, अंतर राखून जातात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे असा माणूस आपल्या गल्लीतच सापडण्याची शक्यता आहे. सहलीआधी त्याच्याशी अर्धा तास बोलणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

घसरलेला बर्फ थांबल्यावर पुढे काय होते, ते आणखी कठीण आहे. घसरताना दाणे एकमेकांवर घासून चुरा होतात आणि थांबताक्षणी ते सिमेंटसारखे आवळतात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढ्या जागेत असा बर्फ तीन-चारशे किलो किंवा त्याहूनही अधिक भरतो. एक मीटर खाली गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचायचे तर एक-दीड टन बर्फ उपसावा लागतो. आतल्या माणसाला हात हलवता येत नाही, कित्येकदा छाती फुगवण्यापुरतीही जागा नसते, आणि श्वासाच्या उबेने तोंडासमोरच्या बर्फावर साय धरावी तसा हवाबंद पापुद्रा बनतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के माणसे वाचतात, पण अर्धा तास उलटून गेल्यावर हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास येते. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या बर्फाखाली सहा दिवस राहून जिवंत सापडले, तेव्हा सगळा कर्नाटक प्रार्थना करत होता. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या चौकीतील इतर नऊ जण वाचले नाहीत. कोप्पद यांची गोष्ट आठवणीत राहते ती अपवाद म्हणून, आणि अपवादावर सहलीचा बेत आखता येत नाही.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते: मदतीला येणारे पथक खालून निघून वर पोहोचेपर्यंत पंधरा मिनिटे संपलेली असतात. वाचवू शकतो तो बाजूला उभा असलेला सोबतीच. म्हणून राखलेल्या मार्गांबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि घेणारा शोधक, घडीची लांब सळई आणि पातेदार फावडे या तीन वस्तू असतात. शोधक गाडलेल्याची दिशा दाखवतो, सळईने खोली कळते, फावड्याने खणायचे. यातील एकही वस्तू नसेल तर उरलेल्या दोन जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि तिन्ही असूनही सराव नसेल तर पहिली दहा मिनिटे बटणे शोधण्यात जातात. भाड्याने स्की देणारा माणूस पर्यटकाला या वस्तू सहसा देत नाही, कारण पर्यटकाने दोरीच्या आतच राहावे असे गृहीत असते.

धोक्याची पातळी सांगण्यासाठी युरोपात १९९३ पासून एक ते पाच अशी श्रेणी वापरली जाते. आपल्याकडे चंडीगडस्थित डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट ही संरक्षण खात्याची संस्था हिमालयासाठी इशारे देते, आणि जिल्हा प्रशासन ते प्रसिद्ध करते. या श्रेणीतील ‘तीन’ हा आकडा फसवा आहे. पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, म्हणजे चालण्याजोगे, असा हिशेब आपण परीक्षेच्या गुणांवरून करतो. वास्तविक तीनचा अर्थ एकट्या माणसाच्या वजनानेही थर सुटू शकतो असा आहे, आणि युरोपात सर्वाधिक मृत्यू याच पातळीला होतात. चार आणि पाचला लोक घाबरून घरी बसतात.

दोरी ओलांडणाऱ्याने फक्त स्वतःचा जीव पणाला लावला, असेही मानता येत नाही. त्याच्या पायाखालून सुटलेला थर खालच्या खुल्या उतारावर येऊ शकतो, आणि त्याला शोधायला जाणाऱ्या माणसांना त्याच बिघडलेल्या बर्फावर चढावे लागते. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने १९७९ च्या स्की सुरक्षा कायद्यात बंद मार्गावर जाणे हा गुन्हा ठरवला, त्याचे कारण मला यातच दिसते.

खुल्या उतारावरील वागणुकीसाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये दहा नियम तयार केले. त्यातील एक आपल्याला उलटा वाटेल. आपल्या रस्त्यावर मागच्याने हॉर्न वाजवला की पुढच्याने बाजूला व्हायचे असते. बर्फावर मात्र पुढच्याला मागे डोळे नाहीत हे मान्य करून सगळी जबाबदारी मागच्यावर टाकलेली आहे. वरून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की खालच्याला धक्का लागणार नाही. थांबायचे तर कडेला आणि वरून दिसेल अशा जागी, उंचवट्याच्या आड नाही. खुणा आणि पाट्या पाळणे हाही त्या दहांतला एक नियम आहे.

आणखी एक गोष्ट उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. अफरवाटच्या टोकाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो, आणि गोंडोला तेथे काही मिनिटांत पोहोचवतो. डोके दुखणे, मळमळ, पाय लटपटणे ही लक्षणे दिसली तर खाली यावे. त्या अवस्थेत माणसाचा विचारही मंदावतो, आणि दोरीपलीकडे दोन पावले टाकून फोटो काढण्याची कल्पना तेव्हाच सुचते.

सकाळी निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न थोडे आहेत: आज इशारा कोणत्या पातळीचा आहे, रात्री वारा कोणत्या बाजूने होता, कोणते मार्ग बंद आहेत आणि कशामुळे. ‘कशामुळे’ हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण गस्तीपथकातील माणसे कारण सांगायला बहुधा उत्सुक असतात. स्लेज ओढणारा किंवा हॉटेलबाहेर भेटलेला वाटाड्या ‘काही होत नाही’ म्हणाला, तर त्याचे पोट आपल्या होकारावर आहे हे समजून घ्यावे आणि गस्तीवाल्यालाच विचारावे. वारा किंवा बर्फ जास्त असला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहतो, आणि आगाऊ तिकिटे काढलेली मंडळी खिडकीपाशी वाद घालत उभी असतात. त्या दिवशी गुलमर्गच्या खालच्या कुरणातील शिकाऊ उतार बहुधा चालूच असतो. तो इतका सौम्य आहे की बर्फ घसरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पडल्यावर उठून बूट पुन्हा स्कीत अडकवायचे कसे, एवढे शिकण्यातच पहिली सकाळ निघून जाते.